डुलकोबाचे केस

"बाई, ह्यो उंबरा नीट बघून ठेवा," तातोबा वस्ताद म्हणाले. "ह्याच्या अलीकडं तुमची बालवाडी, पलीकडं आमचा कुस्तीचा हौदा. पोरं आत आली तर चालतंय. तुमी न्हाई."

"आणि माझी मदतनीस?"

"अनसा बी बाईमाणूसच हाय न्हवं?"

"पंचावन्न वर्सं तर हाय," सतरंजीची गुंडाळी काखोटीला मारून माझ्यामागे उभी असलेली अनसामावशी पुटपुटली. वस्तादांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

ही चौऱ्याऐंशी सालच्या फाल्गुनातली गोष्ट. आदल्या आठवड्यात वावटळ आली आणि आमच्या बालवाडीच्या खोलीचे पत्रे उचलून तिने थेट ओढ्यात नेऊन टाकले. मुख्यसेविका नाडगौडाबाई येऊन पाहून गेल्या. जाताना म्हणाल्या, "डोक्यावर छप्पर नसेल तर ही बालवाडी बंद करून मुलं पलीकडच्या वाडीला जोडावी लागतील. मग माझ्या हातात काही नाही." पलीकडची वाडी दीड कोसावर. साडेतीन-चार वर्षांची सतरा पोरं रोज दीड कोस चालणार नव्हती, म्हणजे ती घरीच बसणार होती. आणि मीही. माझी नोकरी तेव्हा जेमतेम सात महिन्यांची होती. शेवटी सरपंचांनी मध्यस्थी करून तालमीची पडवी मिळवून दिली. पैलवान पहाटे येत, आठपर्यंत जात. आम्ही नऊ ते बारा.

तातोबा वस्ताद साठीचे होते. कुस्त्या खेळून खेळून त्यांचे कान अळूवडीसारखे झाले होते. बोलणं कमी, आणि जे बोलत ते गावात कायदा म्हणून चाले. त्यांची दुसरी अट सोपी होती. आत कोनाड्यात मारुती होता. पोरांनी आल्यावर एकदा आणि घरी जाताना एकदा त्याला नमस्कार करायचा.

"आणि मी?"

"तुमी उंबऱ्यावरनं करा. मारुतीला दिसतंय."

मला मारुती दिसत होता, पण हौदा दिसत नव्हता. तो डाव्या हाताला, भिंतीच्या आड. उंबऱ्यावरून नुसता वास यायचा, तेल आणि ताक घालून मळलेल्या तांबड्या मातीचा. त्या वासाने मला दररोज भूक लागायची, हे मी कोणाला सांगितलं नाही.

मी सांगलीहून बालसेविकेचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि अंगात त्या प्रशिक्षणाचं वारं शिरलेलं होतं. 'मुलाच्या जिज्ञासेवर कधीही झाकण ठेवू नये' हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं. माझ्या आधीच्या बाई चित्रांची पुस्तकं ट्रंकेत कुलूप लावून ठेवत, कारण पोरं ती फाडतात. मी ती बाहेर काढली. पोरांनी ती खरंच फाडली. एकाने सिंहाचं शेपूट खाल्लं. मी खळ करून पुन्हा चिकटवली आणि पुन्हा पोरांच्या हातात दिली. रंग विकत मिळत नव्हते, म्हणून गेरू, हळद, कोळसा आणि पाल्याचा रस. रद्दीच्या कागदावर पोरं बोटांनी रंगवायची. घरी गेल्यावर आया माझ्या नावाने बोटं मोडायच्या, कारण हळदीचे डाग निघत नाहीत.

तालमीत आल्यावर तिसऱ्या दिवशी सुवर्णीने प्रश्न विचारला. सुवर्णी ही लोहाराची चार वर्षांची पोर. कमरेवर हात ठेवूनच बोलायची.

"बाई, वस्ताद रोज माती का खणत्यात?"

आता खरं उत्तर अगदी साधं होतं. पैलवान पडला तर लागू नये म्हणून माती मऊ ठेवतात. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी हौदा पाहिलासुद्धा नव्हता. 'माहीत नाही' म्हणण्याची लाज वाटली, आणि जिज्ञासेवर झाकण तर ठेवायचं नव्हतं. मग मी सुचेल ते ठोकून दिलं.

"मातीखाली एक खूप खूप मोठा प्राणी झोपलाय. हत्तीपेक्षा मोठा. त्याची पाठ सारखी खाजते. म्हणून पैलवान रोज पहाटे येऊन फावड्याने त्याची पाठ खाजवून देतात. मग तो परत गाढ झोपतो."

सतरा तोंडं उघडी. एक माशी बाज्याच्या तोंडात जाऊन बाहेर आली तरी त्याला पत्ता नव्हता.

"त्याचं नाव काय?" बाज्याने विचारलं.

"तुम्हीच ठेवा."

बऱ्याच भांडणानंतर 'डुलकोबा' ठरलं. त्या दिवशी मी पोरांना डुलकोबाचं चित्र काढायला बसवलं. सतरा डुलकोबे झाले. एकाला नऊ पाय, एकाला पायच नाहीत, एकाच्या पोटात एस. टी. होती. मी सगळी चित्रं पडवीच्या भिंतीवर चिकटवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी ती चित्रं बारकाईने पाहिली. "म्हशी बऱ्या काढल्यात," म्हणाले.

त्यानंतर पोरांमध्ये दोन सुधारणा झाल्या. एक म्हणजे ती जेवायला लागली. सरकारकडून आम्हाला मटकी यायची. अनसामावशी ती भिजवून मोड आणायची आणि गुळाच्या खड्याबरोबर मूठमूठ वाटायची. पोरांना ती मुळीच आवडत नसे. निम्मी मटकी सतरंजीखाली सापडे. पण आता सतरंजीखाली एक दाणा नाही, ताटल्या लख्ख.

"बाई, तुमच्या हाताला गुण हाय," अनसामावशी म्हणाली.

दुसरी सुधारणा म्हणजे पोरं देवभोळी झाली. घरी जाताना मारुतीला नमस्कार करायला पूर्वी ढकलून आत पाठवावं लागे. आता नमस्कारासाठी रांगेत मारामारी. आत गेलेलं पोर लवकर बाहेर येईना. मी उंबऱ्यावर उभी राहून 'भीमरूपी' म्हणत असे, आणि आतून नुसती कुजबुज ऐकू येई. मला वाटे, प्रार्थना चालली आहे.

वस्तादांच्याही हे लक्षात आलं. "बाई," ते एकदा म्हणाले, "पोरास्नी देवाची गोडी लावलीसा. बरं वाटलं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे प्रशस्तिपत्रकच. मी त्या रात्री भावाला पत्रात ते लिहून कळवलं.

मग जत्रांचा हंगाम आला. वस्ताद सगळ्या पैलवानांना घेऊन नऊ-दहा दिवस गावोगावच्या मैदानांना निघाले. निघताना पडवीत आले आणि पोरांसमोर उकिडवे बसले.

"आरं, मी न्हाई तवर माती तुमच्यावर. उन्हाळ्याचं दिस हाईत, वाळली तर मरंल. रोज घरला जाताना एकेक तांब्या पानी शिंपडायचं. जमंल?"

"जमंऽऽल!"

"सगळीकडं सारखं. वतायचं न्हाई, शिंपडायचं."

"वस्ताद, मुलीपण?" मी मुद्दामच विचारलं.

"पाच वर्साच्या आत समदी सारखीच," ते म्हणाले आणि उठले.

मला ते फार लागलं. पाच वर्षांची होईपर्यंत सुवर्णी आत, आणि सहाव्या वर्षी उंबऱ्याबाहेर. पण दुसऱ्याच्या छपराखाली बसून तोंड उघडायची सोय नव्हती.

पोरांनी पाणी मात्र इमानेइतबारे शिंपडलं. माझ्या हाताखालचं कुठलंच काम त्यांनी इतक्या शिस्तीत केलं नव्हतं. पाचव्या की सहाव्या दिवशी सुवर्णीने डुलकोबाचं नवं चित्र काढलं. या वेळी त्याला हिरवे केस होते. पाल्याचा रस बोटाने ओढून ओढून तिने अंगभर केस काढले होते.

"हे काय गं?"

"केस आल्यात त्याला."

दुसऱ्या दिवशी सतराच्या सतरा डुलकोब्यांना हिरवे केस. मी हरखून गेले. एका मुलीची कल्पना सगळ्या वर्गात पसरते, यालाच तर सर्जनशीलता म्हणतात! मी वहीत तारीख घालून नोंद केली, आणि नाडगौडाबाई आल्या तेव्हा त्यांना ती चित्रं दाखवून पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "पण हिरवेच का?" मी म्हटलं, "बालमनाला वास्तवाचं बंधन नसतं." आज चाळीस वर्षांनी ते वाक्य आठवलं की मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

दहाव्या दिवशी आम्ही सतरंज्या अंथरत होतो. वस्ताद आदल्या संध्याकाळी मैदान मारून परतले होते, म्हणून पैलवान त्या दिवशी उशिरा, आमच्याच वेळेला आले. डोक्याला बक्षिसाचे फेटे, तोंडभर हसू. खांद्यावर फावडं टाकून वस्ताद आत गेले.

मग तालमीची कौलं हलतील अशी हाक आली.

"बाऽऽई!"

मी धावले आणि सवयीने उंबऱ्यावर थबकले. भिंतीच्या आडून आधी एक पैलवान आला. तो हसू दाबायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याच्या नाकातून बाहेर पडत होतं. त्याच्यामागे वस्ताद. त्यांच्या मुठीत बोटभर उंचीची, दोन-दोन पानांची हिरवीगार रोपं होती.

"हे काय हाय?"

मी शेतकऱ्याच्या घरातली नाही. मी म्हटलं, "गवत?"

"मटकी हाय ती!" मागून अनसामावशी म्हणाली.

"भिंतीच्या कडंनं सगळी उगवलीया. हौद्याच्या कडंला, पार कोपऱ्यापातूर. दहा दिस तालीम बंद काय ठेवली, हितं रान झालंय!"

"वस्ताद, बरं झालं की," आतून कोणी पैलवान म्हणाला, "खुराक जागच्या जाग्याला."

"गप रं!" वस्ताद माझ्याकडे वळले. "कुनी पेरली ही?"

मला खरोखरच माहीत नव्हतं. पण माझ्या कमरेशी सतरा डोकी गोळा झाली होती, आणि वस्तादांच्या मुठीकडे पाहून बाज्याने भोकाड पसरलं.

"डुलकोबाचं केस उपटलं!"

"कुनाचं?"

मग सुवर्णी पुढे झाली. तिने कमरेवर हात ठेवले आणि सगळं सविस्तर सांगितलं. मातीखाली डुलकोबा झोपलाय. बाईंनी सांगितलंय. त्याची पाठ खाजवायला पैलवान आहेत, पण त्याला जेवायला कोण देतंय? म्हणून रोज जाताना सगळ्यांनी आपापली मटकी त्याला पुरून दिली. तुमच्या पायात येऊ नये म्हणून कडेकडेला दिली. जेवण अंगी लागलं, म्हणून आता त्याला केस आले.

म्हणजे ताटल्या लख्ख होत होत्या त्या यासाठी. आणि कुजबुज चालली होती ती मारुतीशी नव्हती. माझ्या दोन्ही सुधारणा एका दमात मातीला मिळाल्या, अक्षरशः.

वस्तादांचा राग आता पोरांवरून उतरून माझ्यावर आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता, कारण आवाज खाली आला होता.

"बाई, माती म्हंजी आमची आई. तिच्यात आमी थुकत न्हाई, पायतान घालून जात न्हाई. आन तिच्या पोटात तुमी राक्षस निजवला?"

"राक्षस नाही, प्राणी," मी म्हटलं. त्याने काही फरक पडला नाही.

ते मागे गेले आणि मुद्दाम, आम्हाला दिसतील असे, हौद्याच्या माझ्याकडच्या कडेवर मातीत पाय रोवून उभे राहिले. उंबऱ्यावरून मान आत घातली तेव्हा मला ते आणि त्यांच्या पायांभोवतीची हिरवळ तेवढी दिसली.

"मातीत उभा हाय मी. हितं उभं ऱ्हाऊन जल्मात खोटं बोललो न्हाई, आन आता पोरांच्या टकुऱ्यात खोटं ऱ्हाऊ देनार न्हाई. आत्ताच्या आत्ता सांगा त्यास्नी. मातीखाली काय बी न्हाई म्हनावं. न्हाईतर उद्यापासनं वडाखाली भरवा तुमची बालवाडी."

वडाखाली छप्पर नव्हतं. छप्पर नाही म्हणजे बालवाडी नाही, हे नाडगौडाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. सतरा पोरं चुलीपाशी बसून धाकट्या भावंडांना खेळवत राहिली असती. सुवर्णीने भात्याची दोरी ओढली असती. मी सांगलीला परत, लग्नाच्या बाजारात. याच्या तुलनेत एक प्राणी मारायचा होता, तोही मीच जन्माला घातलेला.

मी शूर बाई नाही. तेव्हा नव्हते आणि पुढेही झाले नाही. मी उंबऱ्यावरच गुडघ्यांवर बसले, पोरांच्या डोळ्यांकडे न बघता.

"मुलांनो, ऐका. डुलकोबा नाही. बाईंनी ती गोष्ट मनातून रचली होती. मातीखाली नुसती मातीच आहे. दुसरं काही नाही."

कोणीतरी रडेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी रडलं नाही. भोकाड पसरलेला बाज्यासुद्धा गप्प झाला. मान वर केली तर सुवर्णी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझी स्वच्छ कीव होती.

"बाई," ती समजुतीने म्हणाली, "तुमी कवा आत गेलायसा?"

"नाही गेले."

"उंबऱ्याच्या आत?"

"नाही."

"मग तुमाला काय ठावं?"

अनसामावशीने पदर तोंडात कोंबला. आतले पैलवान गदगदून हसले. सुवर्णीने माझा नाद सोडला, ती उंबरा ओलांडून आत गेली आणि वस्तादांच्या समोर उभी राहिली. ती त्यांच्या मांडीपर्यंत येत होती.

"तुमी रोज खणताय. तुमी सांगा. डुलकोबा हाय का न्हाई?"

"न्हा..." वस्तादांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. पाय घोट्यापर्यंत मातीत होते. तोंड तसंच उघडं राहिलं. मी त्यांना इतका वेळ विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. समोर पैलवान असता तर तो तेवढ्या वेळात दोनदा चीत झाला असता.

"किती खोल खणताय?" बाज्याने दारातून विचारलं.

"हातभर."

"त्याच्या खाली?"

"माझ्या वस्तादानं बी हातभरच खणली. त्येच्या वस्तादानं बी."

"पर त्याच्या खाली कोन हाय?"

वस्तादांनी हातातली रोपं एका पैलवानाकडे दिली. तळव्याला लागलेली माती कपाळाला लावली.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "तेवढ्या खोल मी कधी गेलो न्हाई."

कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. चाळीस वर्षं मातीत घालवलेला माणूस चार वर्षांच्या पोरीला 'ठावं न्हाई' म्हणाला होता. मला ते दोन शब्द उच्चारायची लाज वाटली, म्हणून तर हे सगळं रामायण घडलं होतं. मला तिथेच रडू फुटलं. मी ते पदराने पुसलं, पण अनसामावशीने पाहिलंच.

"मग बाईला बी बघू द्या की," सुवर्णी म्हणाली. "तिला कायच म्हाईत न्हाई."

वस्तादांनी मारुतीकडे पाहिलं. मग उंबऱ्याकडे. मग माझ्याकडे.

"बाई, या आत."

"वस्ताद, बाईमाणूस..." एक पैलवान म्हणायला लागला.

"गप रं. न बघता बोलाय लावलं की मानसाच्या तोंडातनं असंच काय बी निघतंय. बाईस्नी उंबऱ्याभाईर ठिवून बोलाय मी लावलं. आन आता माझ्याच तोंडातनं बी निघत हुतं." त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. "मधली तेवढी खणू. कडंची ऱ्हाऊ दे."

मी उंबरा ओलांडला. माझ्या आधी अनसामावशी आत जाऊन बसलीसुद्धा होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

माती थंडगार होती आणि इतकी मऊ की पाय टाकताच आत ओढून घेत होती. भिंतीच्या कडेने मटकी उभी होती, दाट, एका रेषेत नाही, ज्याच्या मुठीत जेवढी मावली तेवढ्या झुबक्यांनी. सुवर्णीने माझा हात धरून मला मधोमध नेलं आणि आडवं पडून कान मातीला लावला. तिच्यामागून बाकीची सोळा आडवी झाली. मी जरा पैलवानांकडे पाहिलं, जरा माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहिलं, आणि आडवी पडले.

"घोरतोय का न्हाई?" सुवर्णीने डोळे मिटून विचारलं. "आलं का ऐकू?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण मातीत पडून माझी जीभ रेटेना.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून नाही."

वर उभे असलेले वस्ताद खाकरले.

"एका दिसात न्हाई यायचं, बाई," ते म्हणाले. "रोज यावं लागतंय."